अनारकानच्या घरची सीट

नवा पाळणा विकत आणणाऱ्या बाईला कालिपा मनातल्या मनात अर्धवट म्हणायची. पाळणा कसा हवा? चार पिढ्यांच्या बायकांचे हात फिरून ज्याचा दांडा गुळगुळीत झालाय, असा हवा. आणि कुठल्या घरचा हवा? जिथली सगळी पोरं जगली, वाढली, लग्न होऊन मार्गी लागली, अशा भरल्या घरचा. बाजारातला पाळणा म्हणजे नुसतं लाकूड. बाळ म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसतं.

कोच्कोर गावाच्या आसपास सगळ्याच म्हाताऱ्या हे मानतात, पण कालिपाचं मानणं हौसेचं नव्हतं. तिची पहिली दोन बाळं वर्षाच्या आत गेली होती. दोघंही नव्याकोऱ्या पाळण्यात निजायची. नवऱ्याने तो शहरातून मोठ्या कौतुकाने आणला होता. तिसऱ्या खेपेला ती शेजारच्या अनारकानच्या दारात जाऊन उभी राहिली. अनारकान तिच्याहून मोठी, पदरात सात पोरं, आणि सातही ठणठणीत. तिने आपला पाळणा दिला, कालिपाच्या बाळाला स्वतःच्या हाताने त्यात घातलं, आणि ते बाळ राहिलं. त्याचं नावच तोक्तोसुन ठेवलं. तोक्तोसुन म्हणजे ‘थांबू दे याला’. थांबला तो. आता तो बायकोवर आणि सहा महिन्यांच्या लेकीवर जीव टाकणारा, आईच्या धाकात राहणारा बाप्या झाला होता.

तेव्हापासून कुठलंही बाळ पहिल्यांदा पाळण्यात घालायची वेळ आली की कालिपा दोन पावलं मागे सरायची. तुझ्या हाताला यश नाही, असं तिला कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती, तिचं तीच म्हणत होती. नात बेर्मेत झाली तेव्हाही तिला पाळण्यात घातलं ते अनारकानने. कालिपा दाराशी उभी राहून लांबूनच पाहत राहिली होती.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा तोक्तोसुनला बिश्केकमध्ये नोकरी लागली. रविवारी तिघांनी निघायचं ठरलं. सकाळच्या चहाला सून नुरझात म्हणाली, “आपा, निघायच्या आधी बेर्मेतसाठी गाडीतली सीट घ्यायला हवी.”

आपा म्हणजे आई, आणि या घरात सूनही सासूला तेच म्हणायची.

“गाडीला सीटा नाहीत का?” कालिपाने विचारलं.

“बाळाची वेगळी असते. पट्ट्यांची.”

“आणि तुझ्या मांडीला काय झालं? हा माझ्या मांडीवर बसून नारिनपर्यंत जायचा.”

“आपा, तेव्हा आपला ट्रक होता,” तोक्तोसुन म्हणाला. “वाटेत कोंबड्या आपल्याला मागे टाकून जायच्या.”

“तू गप्प बस.”

“गाडी वेगात असताना कचकन ब्रेक लागला, तर आईच्या हातातूनसुद्धा बाळ सुटतं, आपा,” नुरझात हळूच म्हणाली. “कितीही घट्ट धरा. तेवढा हिसका कुणाच्याच हातांना पेलत नाही.”

कालिपाला गेल्या हिवाळ्यातली गोष्ट आठवली. अनारकानच्या मुलाची गाडी दोलोनच्या घाटात बर्फावरून घसरली आणि उलटली. मोठ्यांच्या बरगड्या मोडल्या. नातू एर्बोल मात्र आपल्या सीटमध्ये डोकं खाली, पाय वर असा लटकलेला, अंगावर ओरखडा नाही, आणि सोडवायला आलेल्या माणसांकडे सफरचंद मागत होता. ही गोष्ट गावात इतक्यांदा सांगितली गेली, की शेवटी शेवटी त्या सफरचंदाचा रंगसुद्धा ठरून गेला.

कालिपाचा चेहरा एकदम उजळला.

“सीट हवी ना? मग बाजारात कशाला जायचं?”

“आपा, थांबा जरा…”

पण आपा उठल्या होत्या. सकाळी तळलेले बोरसोक, म्हणजे पिठाचे फुगलेले गोळे, त्यांनी फडक्यात बांधले, डोईचा रुमाल सारखा केला आणि फाटकाबाहेर पडल्यासुद्धा.

अनारकानच्या घरात ती सीट चांगल्या खोलीत, गोधड्यांच्या चळतीवर ठेवलेली होती, वर पांढरा रुमाल घालून. येणारा जाणारा तिला हात लावायचा आणि तो हात तोंडावरून फिरवायचा. एर्बोलची आई चिनारा चहा ओतत होती. कालिपाने बोरसोक पुढे ठेवले आणि आढेवेढे न घेता मागणं घातलं. अनारकानला ती ‘एजे’, म्हणजे ताई, म्हणायची.

“एजे, तुमच्या पाळण्यानं माझा मुलगा राखला. आता नातीसाठी पुन्हा पदर पसरायला आलेय.”

अनारकानला मनापासून आनंद झाला. “मागितलीस ते बरं केलंस. कुणाच्या तरी पोराला लाभावी असं सारखं मनात यायचं. पण असली वस्तू आपण होऊन देत नाहीत गं, मागणाऱ्यानं दारात यावं लागतं.”

“आणि एर्बोलला?”

“त्याला यांनी दुसरी आणली, नवी. आजकालच्या पोरांना नव्याचं वेड.”

“कालिपा आपा,” चिनारा मध्येच म्हणाली, “ती सीट आता…”

“चिनारा, चहा गार झालाय,” अनारकान म्हणाली.

मोठी माणसं बोलत असताना सुनेने मध्ये बोलू नये, हे सांगायची ही तिची रीत. चिनारा किटली घेऊन आत गेली. परत आली तेव्हा सीटवर पांढरं कापड गुंडाळून झालं होतं आणि त्यात शकुनाच्या मूठभर खाऊच्या गोळ्याही खोचून झाल्या होत्या. फाटकापर्यंत सीट चिनारानेच उचलून आणली. “आपा, नुरझातला म्हणावं मला एक फोन कर,” ती खालच्या आवाजात म्हणाली. कालिपा हो हो म्हणाली आणि आनंदाच्या भरात दहा पावलांत विसरून गेली.

घरी येऊन तिने आर्चाच्या झुडपाची सुकी डहाळी पेटवली आणि पीडा टळावी म्हणून तिचा धूर सीटभोवती फिरवला. खोलीभर तो कडवट गोड वास भरला. नुरझात बेर्मेतला कडेवर घेऊन दारात उभी होती.

“आपा, ही त्या अपघातातली सीट?”

“तीच!”

“अपघातात सापडलेली सीट पुन्हा वापरत नाहीत, आपा.”

“का वापरत नाहीत?”

“तिला ते एकदाच झेपतं. मग बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून गेलेली असते.”

“अगं, पोराला वाचवलंय तिनं! तुझ्या त्या बाजारातल्या सीटनं आजवर कुणाला वाचवलंय? हातच्या काकणाला आरसा कशाला हवा?”

खरं सांगायचं तर या बोलण्यात खोट काढणं सोपं नव्हतं. पाळण्याला जो न्याय, तोच सीटला. तोक्तोसुनने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं, आणि टायरमधली हवा बघून येतो म्हणून तो बाहेर सटकला. हवा त्याने सकाळीच पाहिली होती.

“मी माझ्या नातीचं वाईट चिंतीन का गं?” कालिपाने विचारलं.

“नाही, आपा.”

“मग?”

नुरझातने बेर्मेतला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. या घरात आल्यापासून ती सासूच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची, वाकून नमस्कार करायची, चहाचा वाडगा दोन्ही हातांनी पुढे करायची. आताही तिचा आवाज चढला नाही.

“बेर्मेतला मी त्यात बसवणार नाही, आपा. रविवारी तोक्तोसुनला एकट्यालाच जाऊ दे. आम्ही दोघी इथेच राहतो.”

कालिपाला वाटलं, कुणी तरी थोबाडीत मारली. गावात काय म्हणतील, हे तर होतंच. पण त्याहून जास्त झोंबलं ते हे, की इतक्या वर्षांत एकदाच ती आपल्या नातीसाठी स्वतःच्या हाताने काही भाग्याचं घेऊन आली होती, आणि ते दारातच अडलं. त्या दिवशी ती सुनेशी बोलली नाही. भांड्यांशी मात्र पुष्कळ बोलली.

दुसऱ्या दिवशी ऊन छान पडलं होतं. कालिपाने सीट अंगणात आणली. तिने मनाशी ठरवलं होतं, की सीट अशी सजवायची की सुनेने स्वतःच म्हणावं, आपा, चुकलं माझं. वरचं कापड धुवायचं, आत मऊ लोकरीची गोधडी शिवून घालायची, कडेला लाल नक्षी काढायची. तिने कापडाच्या गुंड्या सोडवल्या, कापड ओढून काढलं, आणि पट्टे मोकळे करायला हातात घेतले.

आता हे सांगायला हवं, की पट्टा हा कालिपाच्या हातचा विषय होता. आसपासच्या कुरणांवर उन्हाळ्यात जे बुरणुसाचे तंबू उभे राहायचे, त्यांना बाहेरून आवळणारे विणीचे पट्टे ती विणायची. घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारे तंग विणायची. आंधळेपण आलं तरी चालेल, बोटं शाबूत राहोत, असं ती गमतीने म्हणायची.

तर पट्टा तिच्या बोटांतून सरकत गेला आणि खांद्याच्या जागी आल्यावर बोटं आपोआप थांबली. तिने तो उन्हात धरला. तिथली वीण ताणून उघडी पडली होती, धागे चपटे होऊन तुळतुळीत चकाकत होते. बाकीचा पट्टा चांगला होता. तेवढीच वीतभर जागा मेलेली होती. मग तिने सीट उलटी केली. गाडीचा पट्टा जिथून जातो तिथे प्लास्टिकवर केसासारखी एक पांढरी रेघ होती. रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून दाबलं, तर ती हळूच उघडली आणि सोडल्यावर मिटली.

कालिपा तिथेच अंगणात बसली. नवरा जिवंत असतानाचा एक दिवस तिला आठवला. उतारावर त्याचा घोडा घसरला होता आणि सगळा भार तंगावर आला होता. तंग तुटला नाही म्हणून नवरा घरी आला. आल्या आल्या त्याने तो तंग सोडला, कपाळाला लावला आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवला. तंग तिनेच विणलेला, चांगला रुंद, तीन रंगांचा. ती चिडली होती: एवढा मजबूत तंग भिंतीला कशाला? तेव्हा तो म्हणाला होता, “त्याच्यापाशी जो जोर होता तो त्यानं मला देऊन टाकला. आता पुन्हा मागणं म्हणजे लबाडी होईल.”

तेव्हा तिला तो घोडेवाल्यांचा चोचला वाटला होता. आता मात्र तिने ती रेघ पुन्हा एकदा दाबून पाहिली. या सीटमध्ये तिने बेर्मेतला बसवलं असतं, आणि तेही हौसेने, धूर फिरवून. हिने पोराला वाचवलं हे खरंच होतं, आणि म्हणूनच आता हिच्यापाशी काही उरलं नव्हतं.

“नुरझात! इकडे ये गं.”

नुरझात आली, ओले हात पुसत. कालिपाने तिला पट्टा दाखवला, ती रेघ दाबून दाखवली.

“तुला हे दिसलं होतं?”

नुरझातने वाकून बोट फिरवलं. “नाही, आपा. मी नुसतं वाचलं होतं, की अशी सीट घेऊ नये. हा पट्टा समोर धरला असता तरी मला काही कळलं नसतं.”

मग कालिपा, सुनेकडे न बघता, म्हणाली, “माझी पहिली दोघं नव्या पाळण्यात गेली.”

“माहीत आहे, आपा.”

“थोरल्याला ताप चढला होता. चार दिवस उतरला नाही. बर्फानं रस्ता बंद होता, डॉक्टर येईना. धाकटीला खोकला झाला. निळी पडायची खोकून खोकून.”

“मग पाळण्याचा काय दोष?”

“मग कशानं गेली?”

“तापानं, आपा. आणि खोकल्यानं. आणि रस्ता बंद होता म्हणून.”

इतक्या साध्या शब्दांत हे कालिपाला कधी कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी नशीब सांगितलं, देवाची इच्छा सांगितली, आणि जे सांगितलं नाही ते तिने स्वतः भरून काढलं. तिला रडू आलं नाही. फक्त खूप दमल्यासारखं वाटलं, डोईवरची मोळी खाली टाकल्यावर वाटतं तसं. नुरझात तिच्याजवळ टेकून बसून राहिली.

आता पंचाईत दुसरीच होती. भरल्या घरचं देणं परत कसं न्यायचं? पाळणा परत देतात तो बाळ मोठं झाल्यावर, आत खाऊ घालून. न वापरता परत नेणं म्हणजे तुमच्या घराचं भाग्य आम्हाला नको, असं तोंडावर सांगणं. आणि नुसती माळ्यावर टाकून द्यावी, तर उद्या अनारकान विचारणार, परवा आणखी कुणी मागणार. सीट या घरून त्या घरी फिरत राहणार, आणि प्रत्येक घरी तिची कीर्ती वाढत जाणार.

कालिपाने बराच विचार केला. मग कापड धुऊन, वाळवून, परत चढवून ती सीट घेऊन अनारकानकडे गेली. या वेळी नुरझातही बरोबर होती.

अनारकानचा चेहरा पडला. “परत आणलीस? माझ्या घरची वस्तू?”

“परत नाही आणली, एजे. हिची बेडी तोडायला आणलीय.”

“कसली बेडी?”

“पोर पहिल्यांदा पाऊल टाकतं तेव्हा पायाला काळी-पांढरी दोरी बांधून आपण ती कापतो की नाही? जा बाबा, मोकळा चाल म्हणून. तशी हिची कापायची.” कालिपाने कापड बाजूला करून पट्टा पुढे केला. “हात लावून बघा. हा इथे सुटलाय. आणि मागे ही चीर. तुमच्या नातवाला धरून ठेवताना हिनं आपलं सगळं देऊन टाकलंय, एजे. तरीही आपण पुन्हा पुन्हा हिला कामाला जुंपायला निघालो. मीच निघाले होते.”

अनारकानने पट्ट्यावरून बोट फिरवलं. ती काही पट्टे विणणारी नव्हती, पण चीर उघडते आणि मिटते हे कुणालाही दिसत होतं. तिने दोनदा दाबून पाहिलं.

कात्री कोण आणणार, हे कुणी बोलायच्या आत चिनाराने ती आणलीसुद्धा. इतक्या लवकर आणली, की ती जवळच कुठेतरी काढून ठेवलेली होती हे उघड झालं.

अनारकानने सुनेकडे पाहिलं. “तुला ठाऊक होतं?”

“हो, आपा.”

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस?”

“चहा गार झाला होता, आपा.”

मग कालिपालाच आधी हसू फुटलं, आणि अनारकानला रागवावं की हसावं ते कळेना म्हणून तीही हसली. मग तिने कात्री घेतली. पट्टा जाड होता, कात्री दोनदा घसरली. “जा बाई,” ती पुटपुटली, “माझं पोर दिलंस, आता तू सुखानं जा.” तिसऱ्या वेळी पट्टा कापला गेला, आणि अनारकान मांडीवर सीट घेऊन ढसाढसा रडू लागली. घाटातून माणसं घरी आली त्या दिवशी गावभर आनंदीआनंद होता, त्यामुळे घाबरायचं तिचं राहूनच गेलं होतं. चिनाराने सासूच्या पाठीवर हात ठेवला. चहा खरंच गार झाला, पण या वेळी कुणी काही बोललं नाही.

रविवारी तोक्तोसुन एकटाच बिश्केकला गेला आणि सोमवारी दुकानातून त्याचा फोन आला. नुरझातने फोन मोठ्या आवाजावर ठेवला, कारण सासू शेजारी बसून कान देत होतीच.

“एक फार सुंदर आहे,” तोक्तोसुन म्हणत होता. “अस्वलाचे कान आहेत तिला. तोंड पुढे.”

“कान नकोत. तिचं वजन आणि उंची सांगितलीय ना तुला, ती कुठल्या सीटला जुळतात ते बघ. आणि तोंड मागे असणारी हवी.”

“मागे?” कालिपा मध्येच म्हणाली. “पोरीला रस्ता दिसायचा कसा?”

“रस्ता बघायला तिचा बाप आहे, आपा. गाडी धडकली की बाळाची मान पुढे फेकली जाते, आणि तिची मान अजून कोवळी आहे. तोंड मागे असलं की पूर्ण पाठ टेकलेली राहते, मानेवर काही येत नाही.”

कालिपाने विचार केला. पाळण्यातही पाठ टेकलेलीच असते. “बरं,” ती म्हणाली. “मागे तर मागे.”

“आणि पैसे द्यायच्या आधी आपल्या गाडीत लावून बघ,” नुरझात फोनमध्ये म्हणाली. “आपल्या मागच्या सीटचा पट्टा आखूड आहे. पुरला नाही तर कितीही भारी असली तरी घेऊ नकोस.”

पहिल्या दोन पुरल्या नाहीत. दुकानदार वैतागला, तोक्तोसुनही वैतागला, पण बायकोला विचारल्याशिवाय हो म्हणायची त्याची टाप नव्हती. तिसरी बसली.

शनिवारी तो ती गाडीत लावूनच घरी आला. पुढच्या जागी नाही, मागे. नुरझातने गुडघा रोवून सीट खाली दाबली, पट्टा पुन्हा ओढला, मग दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली. बोटभरसुद्धा हलली नाही, तेव्हा तिने मान डोलावली.

पहिल्यांदा बसवायला अर्थात अनारकानला बोलावलं होतं. सीट नवी असली म्हणून काय झालं, हात तरी सात पोरांच्या आईचा हवा. कालिपा नेहमीप्रमाणे मागे सरून फाटकाला टेकून उभी राहिली. थंडी होती, डोंगरमाथ्यावर नवा बर्फ आला होता. नुरझातने बेर्मेतचा जाड कोट काढला तशी कालिपा तिथूनच ओरडली, “अगं, गारठेल ती!”

“कोटातली हवा पट्ट्याखाली राहते, आपा. हिसका बसला की कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. बांधून झालं की पांघरूण वरून घालू.”

लोकर दाबली की निम्मी होते, हे कालिपाला कुणी शिकवायला नको होतं.

अनारकानने बेर्मेतला दोन्ही हातांत घेतलं. “हा माझा हात नाही, उमाय मातेचा हात आहे,” असं बाळं राखणाऱ्या देवीचं नाव घेत तिने तिला सीटमध्ये ठेवलं, पट्टे खांद्यावर घेतले, टक् करून कडी लावली आणि बाळाला टोचू नये म्हणून अगदी अलगद ओढलं. मग गालाला हात लावून ती मागे झाली. नुरझातने पट्ट्याकडे पाहिलं, अनारकानकडे पाहिलं, आणि तोंड उघडून मिटलं. शुभ हाताने केलेलं काम मोडायचं कसं?

कालिपाला फाटकापासूनच दिसलं. बेर्मेतच्या डाव्या खांद्यावर पट्ट्याची एक पोकळ कमान झाली होती. सैल पट्टा तिला आयुष्यात कधी बघवला नव्हता. ती सरळ आली, अनारकानला कोपराने बाजूला सारून गाडीत वाकली आणि खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरला. चिमटीत चुणी आली.

“सैल आहे,” ती म्हणाली. तिने खालचं टोक ओढलं. पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा थोडी चुणी. आणखी ओढलं. आता चिमूट नुसतीच पट्ट्यावरून घसरली. मग ती कडी छातीवर नीट आणली, पट्टा कुठे पिळलेला नाही ना ते बोट फिरवून पाहिलं, दुसरा खांदाही तसाच तपासला. बेर्मेतने तिची करंगळी पकडली.

तेव्हा कुठे कालिपाच्या लक्षात आलं, आपले हात कुठे आहेत ते. तिने ते झटकन मागे घेतले.

“अगं बाई… एजे, मी… पहिल्याच वेळी…”

अनारकान तिच्याकडे टक लावून पाहत होती. इतक्या वर्षांत तिने कालिपाचं ते मागे सरणं कितीदा पाहिलं होतं, आणि दर वेळी काही न बोलता स्वतः पुढे झाली होती.

“मी तिला नुसती ठेवली होती,” अनारकान म्हणाली. “बांधलीस तू. पहिला हात तुझाच.”

कालिपाने सुनेकडे पाहिलं.

“आता बरोबर बसलाय, आपा,” नुरझात म्हणाली. “आता मी निर्धास्त जाईन.”

अर्धी गाडीत आणि अर्धी बाहेर, अशी वाकलेल्या वाकलेली कालिपा रडू लागली. थोरल्यासाठी रडली, धाकटीसाठी रडली, आणि दर पाळण्यापासून दूर उभ्या राहिलेल्या स्वतःसाठीही रडली. बेर्मेत तिच्याकडे तोंड करून बसली होती, त्यामुळे तिला आजी अगदी समोर दिसत होती. तिला ती मोठी गंमत वाटली.

“आपा,” थोड्या वेळाने तोक्तोसुन पुढून म्हणाला, “दार लावू का? की तूही अशीच येतेस बिश्केकला?”

“तू तुझा रस्ता बघ,” कालिपा म्हणाली. तिने पांघरूण बाळाच्या अंगावर नीट खोचलं, डोळे पुसले, स्वतःच्या हाताने दार लावलं. गाडी सुरू झाली. तेवढ्यात तिने काचेवर थाप मारून ती थांबवली, दार उघडलं, पांघरुणाखाली हात घालून खांद्यावरचा पट्टा पुन्हा एकदा चिमटीत धरून पाहिला, आणि मग त्यांना जाऊ दिलं.